मुग्धाच्या नावाचा डबा

१

प्रकाश देवस्थळींच्या घशातून डॉक्टरांनी काढलं ते चिमूटभर होतं. भाजलेल्या दाण्यांचं कूट आणि गूळ. पण गंजी पेटायला ठिणगी कितीशी लागते? त्या चिमटीनं मुग्धा सामंतचा भरला संसार पेटवून दिला.

मुग्धा समाजसेविका. हार घालून फोटो काढणाऱ्यांतली नव्हे. शिकून, परीक्षा देऊन, सरकारी परवाना घेऊन पोटासाठी हे काम करणारी. अबूधाबीतल्या एका केंद्रातर्फे ती आजारी म्हाताऱ्यांच्या घरी जायची. माणसाला कसं जपायचं ते घरच्यांना शिकवायची, जपून जपून वैतागलेल्या बायकांचं ऐकून घ्यायची, आणि घरात काही वेडंवाकडं दिसलं तर लिहून वर कळवायची. नवऱ्याची नोकरी गेल्या वर्षी सुटलेली. नवरा, मुलगा, दोघं तिच्या व्हिसावर. परवाना गेला की नोकरी गेली, नोकरी गेली की व्हिसा गेला. खालची वीट काढल्यावर भिंत थोडीच उभी राहते?

प्रकाशरावांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि गिळायची ताकद निम्मी राहिली. सगळं वाटून, घोटून, चमच्यानं भरवायचं. भाताचं शीतसुद्धा अख्खं चालायचं नाही. त्या मंगळवारी मुग्धा त्यांच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरी आली, थोडा वेळ बसली, गेली. ती गेली आणि काही वेळात प्रकाशराव निळे पडले. पलंगाशेजारच्या खुर्चीत स्टीलचा डबा उघडा पडला होता. आत दाण्याचे लाडू, वरचा एक फुटलेला. झाकणावर नाव कोरलेलं : मुग्धा.

लेक तन्मय शेजारच्या खोलीत घरूनच काम करत होता. बँकेत तो कंप्लायन्सला, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका धरायच्या खात्यात. अँब्युलन्सला फोन त्यानंच केला. ती येईपर्यंत तो डबा लाडवांसकट पारदर्शक पिशवीत घालून, चिकटपट्टी मारून त्यानं बंदही केला. बाप घरघरतोय आणि लेक पुरावा सील करतोय. पण कुणाचा हात घाबरल्यावर कशाकडे जाईल, सांगता येत नाही. संध्याकाळपर्यंत परवाना देणाऱ्या खात्याकडे त्याची तक्रार पोचली. ही बाई आजारी माणसाच्या घरात पाऊल ठेवण्याच्या लायकीची नाही, असं तिचं सार.

प्रकाशराव वाचले. आयसीयूत होते, पण वाचले. मुग्धाचं काम मात्र त्या दिवसापासून बंद.

चौकशीचं काम आलं प्रज्ञा कर्णिककडे. ती अल ऐनला वाढलेली, खात्यानं अशा तक्रारींसाठी नेमलेली. मराठी येतं म्हणून तिला निवडलं आणि मराठी आहे म्हणूनच साहेबांनी बजावलं, की तुझी माणसं आहेत, जपून. मऊ वागली तर म्हणतील आपल्या बाईला सोडलं. कडक वागली आणि चुकली, तर एका घराचा तळतळाट. पुढच्या आठवड्यात गुरुवारी समितीपुढे सुनावणी. मधे दिवस थोडे.

तिनं केंद्रानं पाठवलेला मुग्धाचा जबाब उघडला. दोनच वाक्यं होती त्यात. डबा माझा आहे. तो मीच त्या घरी नेला.

आरोपीच कबूल करून बसलेली. मग शोधायचं काय?

२

देवस्थळींच्या घरी आधी तन्मयनं प्रज्ञाचा ताबा घेतला. फोटो, वेळा, डॉक्टरांचा रिपोर्ट, सगळं त्यानं कॉम्प्युटरवर मांडून ठेवलं होतं. मराठी बोलत होता, पण चार शब्दांत तीन ऑफिसातले. इट्स ओपन अँड शट, म्हणाला. डबा त्यानं त्या दिवसाआधी घरात कधी पाहिला नव्हता. मुग्धाशी काही वाद? त्यानं जरा घसा खाकरला. तिनं मागच्या महिन्याच्या नोंदीत लिहिलं होतं, की मुलगा आईवर आवाज चढवतो. “चढवतो आवाज,” तो म्हणाला. “तुम्ही राहून बघा इथे. माझे बाबा मरतायत रोज थोडे थोडे, आणि ही येऊन माझे मार्क्स काढणार?”

शोभनाबाई हॉलमधल्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. पांढरे केस चापूनचोपून बसवलेले, इस्त्रीची साडी. नवरा दवाखान्यात आहे म्हणून गबाळं राहायचं, हे त्यांच्या शास्त्रात नव्हतं. प्रज्ञानं त्यांना मॅडम म्हटलं मात्र, त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“मॅडम कोण गं? मी काय विमानतळावर बसलेय?”

प्रज्ञानं ते गिळलं. काकू म्हणणं तिच्या ओठांवर आलं होतं, पण ते तिनं दाराबाहेर चपलांपाशी ठेवून दिलं होतं. नातं लावलं की नजर मऊ होते, असं तिचं गणित. तिनं कोरडेपणानं विचारलं, त्या वेळी तुम्ही कुठे होतात? अंगारकी होती, बाई म्हणाल्या. आंघोळ करून गॅलरीत जपाला बसले होते. मुग्धा जाताना दिसली? हो, कुणाचा तरी फोन आला तशी लगबगीनं गेली. हा डबा आधी कधी पाहिला होतात?

शोभनाबाईंनी फोटोकडे पाहिलं. मग खिडकीकडे.

“डबे काय गं, सगळे सारखेच. कोण लक्षात ठेवतंय?”

कामवाली फिझा स्वयंपाकघरात उभी होती. ती हैदराबादची. तन्मयच्या व्हिसावर असल्यामुळे विचारलं तेवढंच बोलायचं, हे तिला पक्कं ठाऊक. त्या वेळी ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. सकाळपासून स्वयंपाकघरात तिला पाऊलही टाकू दिलं नव्हतं. उपासाच्या दिवशी ओटा अम्माजींचा. मुग्धा मॅडमबद्दल काय वाटतं, यावर तिचं तोंड आंबट झालं. दुपारी तिचा डोळा लागलेला असताना मॅडमनी पाहिलं होतं आणि तन्मय सरांना सांगितलं होतं.

प्रज्ञा निघाली. जाता जाता तिनं फोटो फिझाच्या हातात दिला आणि विचारलं, तू या डब्याला हात लावलास?

“नहीं बाजी. अम्माजी ने खुद धोया था. मुझे हाथ भी लगाने नहीं दिया.”

आतून तन्मयनं हाक मारली आणि फिझा गेली. प्रज्ञा दारात खिळून राहिली. डबा शोभनाबाईंनी धुतला? धुवायचं कारण काय होतं त्यांना?

३

मुग्धाचं घर मुसफ्फात, दोन खोल्यांचं. नवरा दार उघडून आत निघून गेला. घरात बसून बसून त्याला माणसांची लाज वाटायला लागली होती. मुग्धानं कॉफी ठेवली, बिस्किटं ठेवली. प्रज्ञानं दोन्ही नाकारलं. तेवढ्यात मुलगा अथर्व आला, पुडा उचलून मागची बारीक अक्षरं वाचू लागला.

“मम्मा, डिड यू चेक द लेबल?”

“पाहिलंय रे. दाणे नाहीत. घे आणि आत जा.” मग प्रज्ञाकडे वळून ती ओशाळं हसली. दाण्यानं त्याचा घसा सुजतो, इंजेक्शन जवळ ठेवावं लागतं. लहानपणापासूनची सवय, पाहुण्यांसमोरही पुडे वाचत बसतो.

प्रज्ञाचं लक्ष तिच्या हातांकडे होतं. बोटं एकमेकांत गुंतवून मुग्धा अशी बसली होती, की सोडली तर काहीतरी सांडेल. प्रज्ञानं तिला तिचाच जबाब वाचून दाखवला.

“हो, माझाच डबा,” मुग्धा म्हणाली. “लग्नात सासूबाईंनी नाव घालून दिलेला. आणि मीच नेला. पण तो आदल्या आठवड्यात. नाचणीचं सत्त्व करून नेलं होतं, गाळून, घोटून. गिळण्याचं बघणाऱ्या थेरपिस्टला विचारून. त्या मंगळवारी माझ्याकडे लॅपटॉपशिवाय काही नव्हतं.”

हे जबाबात का नाही? तर केंद्राच्या सुझी लोपीसनं तिला फोनवर दोन प्रश्न विचारले. डबा तुझा का? तू नेलास का? दोन्हीला हो म्हटलं. कधी नेलास, ते कुणी विचारलंच नाही. वर सुझीनंच सल्ला दिला होता की चौकशीत विचारलं तेवढंच बोलावं, जास्त बोललेलं अंगाशी येतं. आणि खरं सांगायचं तर सत्त्व नेणंही नियमात बसत नव्हतं. घरचं खाणं न्यायचं नाही, नेलं तर नोंद करायची. तिनं केली नव्हती.

प्रज्ञानं मनात म्हटलं, अडकलेलं माणूस असंच सांगतं. आदल्या आठवड्यात, परवा, कधीतरी. तो दिवस सोडून कधीही. “कुणी पाहिलं होतं?”

“काकूंनी. त्यांच्याच हातात दिला. त्यांना विचारा ना.”

“विचारलं. त्यांना आठवत नाही. डबे सगळे सारखेच, म्हणाल्या.”

मुग्धाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

“काकू असं म्हणाल्या?” ती हळू आवाजात म्हणाली. “घरातला चमचा हरवला तर कुठल्या सेटमधला, ते सांगतात त्या.”

४

त्या रात्री प्रज्ञानं दोघींचे जबाब शेजारी शेजारी ठेवले. दोन बायकांतली एक खोटं बोलत होती. एकीचा परवाना टांगणीला, म्हणून तिला खोटं बोलायला कारण होतं. दुसरीनं डबा धुतला होता. पुरावा धुणारी बाई निर्दोष कशी? पण सत्तरीची ती बाई आपल्याच नवऱ्याला लाडू भरवून डबा धुवायला बसेल? घोडं पेंड खात होतं, आणि कुठे ते सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं कपाट उघडून तो डबा पिशवीसकट टेबलावर ठेवला. तन्मयची चिकटपट्टी जशीच्या तशी. आत लाडू. हातानं वळलेले, बोटांचे ठसे उमटलेले, दुकानाचे नव्हेत. कडेला गुळाचा चिकटा. झाकणावरच्या नावाच्या खाचांतही कूट बसलेलं.

ती बघत राहिली आणि मग स्वतःच्याच कपाळाला हात लावला. हा डबा धुतलेला नाही. माणूस निळा पडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत हा पिशवीत बंद झाला, तो आजतागायत बंद आहे. मग शोभनाबाईंनी धुतला कधी? नंतर धुणं शक्यच नाही. म्हणजे आधी. आणि आधी धुतला, तर आधी तो त्या घरात होता.

फिझाला तिनं फोन लावला आणि या वेळी नीट विचारलं, कधी धुतला? पलीकडून सरळ उत्तर आलं, जणू हे विचारायला इतके दिवस का लागले. उस मंगल से एक हफ्ता पहले. मुग्धा मॅडम रागी लेकर आई थी, तब. रागी म्हणजे नाचणी. धुऊन, पुसून अम्माजींनी तो फ्रिजवर ठेवला होता, आणि दुसऱ्याची चीज आहे म्हणून कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम होता.

मुग्धा खरं बोलत होती. प्रज्ञाच्या छातीवरचा दगड हलला, पण हलून पायावर पडला. मुग्धा डबा सोडून गेली होती, तर मग लाडू त्यात भरले कुणी?

मुग्धानं नव्हे, हे तर आता उघड होतं. जिच्या घरात दाण्याची पूडही मुलाचा जीव घेईल, ती बाई कढईत दाणे भाजत बसणार नाही. उरली घरचीच माणसं. तन्मय, मुग्धावर जळफळणारा. फिझा, तिच्यावर दात धरून असलेली. त्यांच्यापैकी कुणी मुग्धाच्या नावाचा डबा मुद्दाम भरून आजारी माणसाच्या हाताशी ठेवला असेल, तर ही परवान्याची तक्रार राहिलीच नाही. पोलिसांचं काम झालं. आणि उद्या गुरुवार.

तिनं पोलिसांचा नंबर काढून समोर ठेवला.

५

पोलिसांना कळवण्याआधी ती एकदा केंद्रावर गेली, सुझी लोपीसला भेटायला. सुझी वसईची, अघळपघळ, केंद्राचा सगळा कारभार सांभाळणारी. त्या दोन प्रश्नांबद्दल प्रज्ञानं तिला धारेवर धरलं. सुझी ओशाळली. फॉर्ममध्ये दोनच ओळी होत्या, म्हणाली. आणि वकिली सल्ला द्यायची तिला खाज आहे, हेही कबूल केलं. मुग्धाला वाचवायला गेले आणि बुडवून आले, असं ती दोनदा पुटपुटली.

बोलता बोलता दारात एक सहकारी बाई आली. घरी निघाली होती, तिचा डबा सुझीकडे राहिलेला. दुपारी त्यातली बिर्याणी सुझीनं फस्त केली होती. सुझीनं धुतलेला डबा उचलला, देणार इतक्यात थबकली. ड्रॉवर उघडला, खणला, दुसरा उघडला. शेवटी कॉफीबरोबर मिळतात त्या साखरेच्या दोन पुड्या सापडल्या. त्या डब्यात टाकून, झाकण लावून तिनं डबा दिला. बाई गेली.

“साखर कशाला?” प्रज्ञानं विचारलं.

“मग रिकामा देऊ?” सुझीनं डोळे मोठे केले. “माझी मम्मी वरून बघत असते, मॅन. रिकामा डबा परत केला तर स्वर्गातून चप्पल फेकेल.”

प्रज्ञा हसली नाही. ती खुर्चीतून उठली होती. अल ऐनच्या जिन्यावरून शेजारणीची वाटी परत न्यायला आई तिलाच पाठवायची, आणि वाटीत कधी साखर, कधी शंकरपाळ्या, काही नाही तर एक सुपारी तरी असायची. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. घरचं सगळं दाराबाहेर ठेवून आत शिरायचं म्हणता म्हणता, कुलूप उघडणारी किल्लीही तिनं बाहेरच ठेवली होती.

त्या घरात कुणी कट केला नव्हता. दुसऱ्याचा डबा आला होता, तो परत जाणार होता. आणि तो रिकामा परत करायला जी लाजेल, अशी त्या घरात एकच बाई होती. फिझाला त्या दिवशी ओट्यापाशी जायची बंदी होती. तन्मयला कढई कुठे असते हे ठाऊक नसणार. अंगारकीचा उपास, उपासाला दाण्याचे लाडू. ते वळले कुणी हे आता विचारायचीही गरज नव्हती.

पण समितीला हे सांगायचं कसं? अध्यक्षबाई विचारतील, पुरावा काय? आणि प्रज्ञा काय म्हणणार, आमच्यात रिकामा डबा देत नाहीत?

ते शब्द शोभनाबाईंच्या तोंडून यायला हवे होते. आणि त्या तोंडाला तर कुलूप होतं.

६

दवाखान्यात प्रकाशरावांना आता साध्या खोलीत आणलं होतं. ते झोपले होते. शोभनाबाई पलंगापाशी बसून त्यांच्या डाव्या हाताची नखं कापत होत्या. तन्मय पार्किंगमध्ये फोनवर होता.

“काकू,” प्रज्ञा म्हणाली.

शोभनाबाईंनी मान वर केली नाही. “आज काकू झाले? म्हणजे काहीतरी काढून घ्यायला आलीस.”

प्रज्ञानं सगळं एका दमात सांगितलं. धुतलेला डबा, फ्रिजवरची जागा, उपास, लाडवांवरचे बोटांचे ठसे, मुग्धाच्या मुलाचा घसा. शेवटचं ऐकून म्हातारीचे हात थांबले.

“तिच्या मुलाला दाणा चालत नाही?”

“एक लाडू खाल्ला असता तर त्यालाही दवाखान्यात न्यावं लागलं असतं.”

“बोलली नाही कधी.” शोभनाबाईंनी नेलकटर मांडीवर ठेवलं. “स्वतःचं काही बोलायचीच नाही. चहा नको, सरबत नको. माझ्या नवऱ्याचं थुंकणं पुसायची आणि कोरड्या तोंडानं जायची. म्हटलं, हिचं भांडं हिला देताना तरी नको म्हणता येणार नाही. विसरायला नको म्हणून घरी यांच्या उशाच्या खुर्चीत ठेवला. तिला फोन आला, ती पळाली. मी जपाला बसले.” त्यांनी नवऱ्याच्या बोटांवरून अंगठा फिरवला. “डावा हात चालतो यांचा. आणि गुळाला कधी नाही म्हणाले नाहीत.”

“आणि तन्मयनं झाकणावरचं नाव वाचलं.”

“तो ओरडत होता. मी खोटं बोलले नाही हो. मी बोललेच नाही.”

“त्या न बोलण्यानं एका बाईचं घर उठतंय, काकू.”

“आणि बोलले तर माझं उठेल.” या वेळी त्यांनी सरळ प्रज्ञाच्या डोळ्यांत पाहिलं, आणि आवाज पहिल्यांदा फाटला. “मागे एकदा मी यांना घोटभर चहा पाजला. ठसका लागला. तन्मय म्हणाला, आई, आणखी एक चूक, आणि बाबा पुण्याला नर्सिंग होममध्ये. ते तिकडे, तू इकडे. पंचेचाळीस वर्षं झाली, मुली. या माणसाला माझ्याशिवाय तहान लागलेली कुणाला कळत नाही.”

उद्या दहाला सुनावणी आहे, प्रज्ञा म्हणाली. मी जे ताडलं ते लिहीन. ताडलेलं मानायचं की नाही, ते समितीवर. तुम्ही आलात तर वेगळं.

शोभनाबाईंनी पुन्हा नेलकटर उचललं. येते म्हणाल्या नाहीत, येत नाही म्हणाल्या नाहीत.

७

सुनावणीच्या खोलीत समितीची तीन माणसं होती, मधे अध्यक्षबाई. एका बाजूला मुग्धा आणि सुझी. समोर तन्मय, एकटा. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी. प्रज्ञा त्या खुर्चीकडे बघायचं नाही म्हणून कागदाकडे बघत होती आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती.

अध्यक्षबाईंनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं, की इथे झालेल्या चुकीबद्दल शिक्षा ठरवायला कुणी बसलेलं नाही. या बाईच्या हाती उद्या आजारी माणूस सोपवला तर तो सुरक्षित राहील का, एवढाच प्रश्न आहे. प्रज्ञानं आपला अहवाल वाचला. समितीतले एक गृहस्थ मान हलवत म्हणाले, तर्क चांगला आहे, पण हा तर्कच. डबा कुणी भरला, हे कुणी पाहिलं आहे का?

तन्मय उसळला. त्याच्या आईवर असा आरोप करायची हिंमत कशी होते, म्हणाला. शी इज सेव्हंटी टू. मुग्धानं डोळे मिटले.

तेव्हा दार उघडलं. फिझानं दार धरलं होतं, आणि शोभनाबाई आत आल्या. त्या रिकाम्या खुर्चीत बसल्या नाहीत. उभ्याच राहिल्या.

“मी भरला,” त्या मराठीत म्हणाल्या. “लाडू माझे, डबा हिचा. परत द्यायला म्हणून भरला. हिनं त्याला हातही लावला नाही. हिला माहीतसुद्धा नव्हतं.”

प्रज्ञानं शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितला. तन्मयचा चेहरा पांढरा पडला होता. मी तक्रार मागे घेतो, एवढंच त्याला म्हणता आलं. अध्यक्षबाईंनी मान हलवली. इथे आलेली तक्रार अशी मागे घेता येत नाही. निकाल सत्यावर लागतो, कुणाच्या मनावर नाही. मग त्या शोभनाबाईंकडे वळल्या आणि विचारलं, ही बाई पुन्हा तुमच्या घरी आली, तर तुम्हाला भरवसा वाटेल?

“माझ्यावर वाटतो त्याच्यापेक्षा जास्त.”

समिती आत गेली, थोड्या वेळानं बाहेर आली. खाऊ घातल्याचा आरोप खोटा ठरला. नाचणीचं सत्त्व नोंद न करता नेलं, ती चूक मुग्धानं स्वतःहून मान्य केली होती. त्याबद्दल समज दिली गेली. परवाना शाबूत. आजपासून कामावर. सुझीनं मुग्धाला मिठी मारली, पण मुग्धा रडली नाही.

बाहेर व्हरांड्यात तन्मय भिंतीला टेकून उभा होता.

“आई, मला का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कुठे? तू चिकटपट्टी मारत होतास.” शोभनाबाई त्याच्यासमोर येऊन थांबल्या. “आता ऐक. बाबांना पुण्याला पाठवायचं असेल तर पाठव. तुझं घर आहे, तुझा व्हिसा आहे. पण तिकीट एकाचं काढू नकोस. दोघांचं काढ.”

लिफ्टपाशी मुग्धा उभी होती. लिफ्ट आली, दार उघडलं. तिला जाता आलं असतं; सुझीनं आधीच सांगितलं होतं की या घरचं काम आपण दुसऱ्या कुणाला देऊ. तिनं लिफ्ट जाऊ दिली आणि ती मागे फिरली.

“असा निर्णय रागात घ्यायचा नसतो,” ती तन्मयला म्हणाली, नेहमीच्या कामाच्या आवाजात. “आणि एकट्यानंही नाही. काका सोमवारी घरी येतायत. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करून ठेवा. मी दहाला येते, थेरपिस्टला घेऊन. सगळ्यांनी बसून ठरवू.”

शोभनाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. माफी मागणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं, आणि आजही जमलं नाही. डोळे मात्र भरून आले.

“येशील तू?”

“माझं काम आहे ते, काकू.”

म्हातारीनं पदरानं नाक पुसलं, पाठ ताठ केली आणि लेकाकडे वळली.

“ऐकलंस ना? सोमवारी बँकेला सुट्टी टाक. चमचा कसा धरायचा, ते तूही शीक.”

तन्मयनं खिशातून फोन काढला आणि तिथेच, भिंतीला टेकून, रजेचा अर्ज लिहायला लागला.